उंच मनोऱ्यांखालची जमीन : चीनची शहरे कशी घडली आणि आता कोणत्या वाटेने निघाली आहेत

चीनमधील शहरात घर विकत घेणाऱ्या माणसाला त्या घराखालची जमीन मिळत नाही. शहरांतील जमीन राज्यसंस्थेच्या मालकीची आणि खेड्यांतील जमीन गावाच्या सामूहिक मालकीची, अशी तेथील राज्यघटनेची तरतूद आहे. व्यक्तीला किंवा कंपनीला मिळतो तो ठरावीक मुदतीचा वापरहक्क : निवासासाठी ७० वर्षे, उद्योगासाठी ५० वर्षे आणि व्यापारासाठी ४० वर्षे. चिनी वास्तुकलेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर शांघायचे गगनचुंबी मनोरे येतात, बीजिंगचे ऑलिंपिक स्टेडियम येते किंवा चोंगचिंगमध्ये निवासी इमारतीच्या मधून जाणारी मोनोरेल येते, आणि ही दृश्ये खरोखरच विलक्षण आहेत. परंतु ही शहरे अशीच का दिसतात, त्यांत पायी फिरणे अवघड का जाते, त्यांत पाणी का तुंबते आणि भविष्यातील शहराविषयी तेथे आज जे विचार मांडले जात आहेत ते कोणत्या प्रश्नांतून निघाले, हे समजून घ्यायचे असेल तर इमारतींच्या आधी जमिनीचा हा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

१९७८ मध्ये आर्थिक सुधारणा सुरू झाल्या तेव्हा चीनमधील जेमतेम १८ टक्के लोक शहरांत राहत होते. शहरी माणसाचे आयुष्य त्याच्या कामाच्या संस्थेशी, तेथील भाषेत ‘दानवेई’शी, बांधलेले असे. कारखाना, कार्यालय किंवा विद्यापीठ आपल्या कुंपणाच्या आतच कर्मचाऱ्यांना घर देई आणि पाळणाघर, दवाखाना, खानावळ यांचीही सोय तेथेच करी. जमिनीला बाजारभाव नव्हता, कारण तिचा व्यवहारच होत नव्हता. १९८० मध्ये शेंझेन हे विशेष आर्थिक क्षेत्र ठरले, डिसेंबर १९८७ मध्ये तेथे एका भूखंडाच्या वापरहक्काचा जाहीर लिलाव झाला आणि १९८८ मध्ये घटनादुरुस्ती करून अशा हस्तांतरणाला मान्यता देण्यात आली. १९९४ च्या करसुधारणेने महसुलाचा मोठा वाटा केंद्राकडे वळवला, मात्र रस्ते, शाळा आणि रुग्णालये यांचा खर्च स्थानिक सरकारांकडेच राहिला. १९९८ मध्ये संस्थांनी घरे वाटण्याची पद्धतही संपुष्टात आली आणि शहरी कुटुंबांना घरासाठी बाजाराकडे वळावे लागले.

स्थानिक सरकारांपुढे उत्पन्नाचा एकच मोठा मार्ग उरला, तो म्हणजे जमीन. शेतजमिनीचे शहरी जमिनीत रूपांतर करण्याचा अधिकार फक्त सरकारला होता आणि शेतकऱ्याला मिळणारी भरपाई त्या जमिनीच्या वार्षिक पिकाच्या किमतीवरून ठरत असे. कायद्याने तिची कमाल मर्यादा वार्षिक उत्पन्नाच्या ३० पट इतकी ठेवली होती, आणि ही पद्धत बदलणारी दुरुस्ती थेट २०१९ मध्ये झाली. सरकारने शेती ताब्यात घ्यायची, तिच्यापर्यंत रुंद रस्ता आणि मेट्रो न्यायची, भूखंड पाडायचे, लिलाव करायचा आणि आलेल्या पैशातून, तसेच येणाऱ्या पैशाच्या भरवशावर काढलेल्या कर्जातून, पुढचा रस्ता बांधायचा, असे हे चक्र होते. ज्या शेतकऱ्याची जमीन गेली त्याच्या भरपाईत आणि लिलावाच्या किमतीत जो फरक राही, त्यावर शहरे उभी राहिली, ही गोष्ट कोणत्याही झगमगत्या छायाचित्राखाली लिहिलेली नसते. २०२१ मध्ये या मार्गाने स्थानिक सरकारांना सुमारे ८.७ लाख कोटी युआन मिळाले. तोवर शहरी लोकसंख्येचे प्रमाण ६० टक्क्यांच्या पलीकडे गेले होते. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत चीनने जेवढे सिमेंट वापरले, तेवढे अमेरिकेने संपूर्ण विसाव्या शतकात वापरले नव्हते.

हा व्यवहार शहराच्या नकाशावर स्पष्ट उमटलेला दिसतो. लिलावासाठी मोठा भूखंड सोयीचा असतो, कारण सरकारला केवळ चारी बाजूंचे मुख्य रस्ते करून द्यावे लागतात आणि आतल्या रस्त्यांचा, बागांचा, दिव्यांचा खर्च विकासकाच्या माथी जातो. त्यामुळे नव्या चिनी शहरांत मुख्य रस्त्यांमधील अंतर ४०० ते ५०० मीटर, काही ठिकाणी त्याहूनही अधिक राहिले आणि मध्ये तयार झाले ते प्रचंड आकाराचे, कुंपणबंद निवासी संकुल. या महाभूखंडाची मुळे दानवेईच्या कुंपणात आणि पन्नासच्या दशकात सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या वसाहतरचनेतही आहेत. म्हणजे समाजवादी काळातील साचा बाजारव्यवस्थेला आयताच मिळाला. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील एक नेहमीचा भूखंड साधारण ८० मीटर रुंद आणि २७४ मीटर लांब असतो, तर एका चिनी महाभूखंडात असे सात-आठ भूखंड सहज सामावतात.

या भूखंडावर इमारती कशा उभ्या राहतील हे ठरवण्यात सूर्यप्रकाशाच्या नियमाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो परदेशी वाचकाला सहसा सांगितला जात नाही. वीस जानेवारीच्या सुमारास येणारा ‘महाशीत’ दिवस हा चिनी पंचांगातील कडक थंडीचा टप्पा होय. त्या दिवशी घरातील निदान एका खोलीत ठरावीक तास ऊन आले पाहिजे, असा निवासी नियोजनाचा राष्ट्रीय दंडक आहे. अनेक भागांतील मोठ्या शहरांसाठी ही मर्यादा दोन तासांची आहे. पुढच्या इमारतीची सावली मागच्या घरावर पडू नये म्हणून इमारतींमध्ये अंतर सोडावे लागते, सर्व घरे दक्षिणेकडे तोंड करून बसवावी लागतात आणि तरीही अनुज्ञेय चटईक्षेत्र पुरेपूर वापरायचे असल्याने उंची वाढवावी लागते. विमानातून दिसणाऱ्या, एकाच दिशेला तोंड केलेल्या एकसारख्या मनोऱ्यांच्या रांगा या सूत्रातून आल्या आहेत. हा नियम मुळात माणसाच्या आरोग्याच्या काळजीतून आला आहे आणि मला तो आदरणीय वाटतो. तो महाभूखंडाशी आणि विक्रीच्या घाईशी जोडला गेला, तेव्हा त्यातून कंटाळवाणे शहर निर्माण झाले.

रस्त्यावरील माणसाला याची किंमत रोज मोजावी लागते. समोरच्या संकुलातील दुकानापर्यंत जायचे तर आधी आपल्या संकुलाचे फाटक गाठावे लागते, मग आठ पदरी रस्ता ओलांडावा लागतो आणि पलीकडे पुन्हा लांबलचक कुंपणाच्या कडेने चालावे लागते. वाहतूक मोजक्याच मुख्य रस्त्यांवर एकवटते, त्यामुळे रस्ते रुंद असूनही कोंडी होते. हे दुखणे सरकारलाही मान्य करावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य परिषदेने, म्हणजे चीनच्या मंत्रिमंडळाने, काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नवी कुंपणबंद संकुले बांधू नयेत, जुनी हळूहळू खुली करावीत, रस्ते अरुंद पण दाट जाळ्याचे असावेत आणि दर चौरस किलोमीटरला सरासरी ८ किलोमीटर रस्ते व्हावेत, असे म्हटले होते. घरमालकांनी या सूचनांतील कुंपण काढण्याच्या कल्पनेला जोरदार विरोध केला, कारण त्यांनी पैसे मोजले होते ते आतल्या शांत बागेसाठीच. कुंपणे बहुतांशी आहेत तेथेच आहेत.

ज्यांच्यामुळे चिनी वास्तुकला जगभर चर्चेत आली त्या भव्य वास्तू याच पार्श्वभूमीवर उभ्या राहिल्या. नव्याने आखलेल्या भागातील भूखंडांना भाव यावा, गुंतवणूकदारांचे लक्ष वेधावे आणि महापौराच्या कारकिर्दीची खूण राहावी म्हणून ऑपेरागृहे, संग्रहालये आणि उंच मनोरे हवे होते. जगातील नामवंत वास्तुविशारदांना येथे अशी संधी मिळाली, जी त्यांना आपापल्या देशांत मिळत नव्हती. त्यांतील काही वास्तूंचे मोल वादातीत आहे. रेम कूलहास आणि ओले शेरेन यांनी रचलेले चिनी मध्यवर्ती दूरचित्रवाणीचे बीजिंगमधील मुख्यालय २३४ मीटर उंच आहे. त्याचे दोन कललेले मनोरे वर एकमेकांना जोडले असून तो जोडभाग सुमारे ७५ मीटरपर्यंत अधांतरी बाहेर आला आहे. बाहेरून दिसणारी पोलादी जाळी जेथे ताण अधिक तेथे दाट आणि जेथे कमी तेथे विरळ आहे, म्हणजे इमारतीतील बलांचा नकाशाच भिंतीवर दिसतो. दोन्ही मनोरे जोडण्याचे काम पहाटे करण्यात आले, कारण उन्हाने दोन्हीकडचे पोलाद वेगवेगळे प्रसरण पावण्याआधी, त्यांचे तापमान सारखे असताना, ते जुळवणे आवश्यक होते. शांघाय टॉवर ६३२ मीटर उंच आहे आणि वर जाताना तो सुमारे १२० अंशांनी पिळवटला आहे. पवनबोगद्यातील चाचण्यांवरून निवडलेल्या या पिळामुळे वाऱ्याचा भार जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी झाला आणि पोलादही वाचले.

परदेशी वास्तुविशारदाचे नाव पाटीवर असले तरी बांधकामाच्या नकाशांवर शिक्का मारण्याचा अधिकार स्थानिक परवानाधारक रचना संस्थेकडे असतो. बहुतेक मोठ्या रचना संस्था सरकारी आहेत, त्यांत अक्षरशः हजारो अभियंते व रचनाकार काम करतात आणि देशातील बहुसंख्य इमारती त्यांच्याच टेबलांवरून गेल्या आहेत. बीजिंगच्या ‘पक्ष्याचे घरटे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्टेडियमचे श्रेय हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांना जाते. त्यात कलावंत आय वेवेई सल्लागार होते आणि चिनी रचना संस्थेच्या बाजूने ली शिंगगांग यांनी मुख्य जबाबदारी सांभाळली. खासगी व्यवसाय मात्र अगदी अलीकडचा आहे. चांग युंग-हो आणि लू लिजिया यांनी १९९३ मध्ये बीजिंगमध्ये सुरू केलेले कार्यालय हे देशातील आरंभीच्या स्वतंत्र कार्यालयांपैकी एक मानले जाते.

ऑक्टोबर २०१४ मध्ये शी जिनपिंग यांनी ‘विचित्र इमारती’ नकोत असे जाहीरपणे सांगितले. २०२० मध्ये परदेशी वास्तूंच्या नकला करण्यास मनाई झाली, कारण हांगझोच्या कडेला आयफेल टॉवरसह पॅरिस आणि शांघायच्या कडेला इंग्लिश गाव उभे राहून गेले होते. २०२१ मध्ये ५०० मीटरपेक्षा उंच इमारतींवर बंदी आली आणि ३० लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत २५० मीटरच्या वर जाण्यास मनाई झाली. आपल्याकडे ‘मुंबईचे शांघाय करू’ ही घोषणा गाजत होती, तेव्हा समोर ठेवले जात होते ते शांघायच्या पुडोंग भागातील मनोऱ्यांचे चित्र. त्या चित्रामागे सरकारच्या हाती असलेली संपूर्ण जमीन आहे, आणि मुंबईत मालकी, भाडेकरार आणि वहिवाट यांची गुंतागुंत इतकी आहे की ती वाट तेथे उपलब्धच नव्हती, याची चर्चा मात्र क्वचितच झाली.

या भरभराटीत एका वर्गासाठी अधिकृत शहराने जागाच ठेवली नव्हती. १९५८ पासून लागू असलेल्या ‘हुकोऊ’ नोंदणीमुळे गावाकडून आलेल्या कामगाराचे नाव गावातच नोंदलेले राहते आणि शहरातील शाळा, आरोग्यसेवा व अनुदानित घरे यांवर त्याचा हक्क मर्यादित राहतो. मग तो राहिला कोठे? शेंझेनमध्ये सरकारने शेते घेतली, परंतु गावठाणातील घरांच्या जागा गावकऱ्यांकडेच राहिल्या. त्यांनी तेथे एकमेकांना खेटून सहा-आठ मजली घरे बांधली आणि त्यांतील खोल्या भाड्याने दिल्या. समोरासमोरच्या खिडक्यांतून हात मिळवता यावेत इतक्या या इमारती जवळ आहेत. उजेड कमी आणि आगीचा धोका मोठा, हे खरेच. पण स्वस्त भाडे, खाली दुकाने, चालत जाता येईल इतक्या अंतरावर काम आणि संध्याकाळी गजबजलेल्या गल्ल्या, हे जे नियोजित महाभूखंडात नव्हते ते सारे येथे होते. शेंझेनविषयी ‘कोळ्यांच्या एका खेड्याचे महानगर झाले’ अशी कथा सर्रास सांगितली जाते, ती अपुरी आहे. तेथे आधी बाजारपेठेचे गाव होते, शेकडो खेडी होती आणि नानतौ हे तटबंदीचे जुने प्रशासकीय ठाणेही होते, आणि सुमारे पावणेदोन कोटी लोकांचे आजचे शहर त्या खेड्यांच्या जागेवर आणि त्यांच्याच आधाराने वाढले. बाइशिझोऊसारख्या वस्त्या पाडल्या जाऊ लागल्या, तेव्हा लाखाहून अधिक माणसांचे परवडणारे घर गेले. मेंग यान आणि लिऊ शियाओदू यांच्या ‘अर्बनस’ या कार्यालयाने २०१७ मध्ये शेंझेनचे नगररचना-वास्तुकला द्वैवार्षिक प्रदर्शन नानतौच्या गल्ल्यांमध्येच भरवून या वस्त्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा प्रयत्न केला.

पाडकामातून उरलेल्या साहित्याकडे गांभीर्याने पाहणारा वास्तुविशारद म्हणून वांग शू यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. पत्नी लू वन्यू यांच्यासह १९९७ मध्ये त्यांनी हांगझो येथे कार्यालय सुरू केले. त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी रूढ व्यवसायापासून दूर राहून गवंडी, सुतार यांच्याबरोबर काम केले होते. त्या किनारी प्रदेशात वादळाने घरे पडली की लोक ढिगाऱ्यातील विटा, कौले, दगड जे हाती लागेल ते रचून झटपट भिंत उभी करीत. ‘वापान’ नावाची ही पद्धत सिमेंटच्या युगात मागे पडली होती. वांग शू यांनी २००८ मध्ये पूर्ण झालेल्या निंगबो इतिहास संग्रहालयाच्या भिंती याच पद्धतीने, आसपासच्या पाडलेल्या गावांतून गोळा केलेल्या विटा-कौलांनी रचून घेतल्या. हांगझोतील चीन कला अकादमीच्या शियांगशान परिसराच्या छपरांवर पाडलेल्या घरांची वीस लाखांहून अधिक कौले चढवली आहेत. या भिंती जुन्याची नक्कल करत नाहीत. संग्रहालय आकाराने अगदी आधुनिक, जवळजवळ डोंगरकड्यासारखे आहे. २०१२ मध्ये वांग शू यांना वास्तुकलेतील सर्वोच्च मानले जाणारे प्रित्झकर पारितोषिक मिळाले, चिनी नागरिकाला मिळालेले ते पहिलेच. ते एकट्यांना दिले गेले आणि लू वन्यू यांचे नाव त्यात नव्हते, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

२०२५ मध्ये हे पारितोषिक चंगदूच्या लिऊ जियाकुन यांना मिळाले. २००८ च्या वेनच्वान भूकंपानंतर त्यांनी राडारोड्याचा चुरा, गव्हाच्या काडाचे तंतू आणि सिमेंट मिसळून ‘पुनर्जन्म वीट’ तयार केली, जी स्थानिक छोट्या कारखान्यांत साध्या यंत्रांवर पाडता येत होती आणि पुढे त्यांच्या अनेक इमारतींत वापरली गेली. चंगदूतील ‘वेस्ट व्हिलेज’ हा त्यांचा २०१५ मधील प्रकल्प महाभूखंडाला दिलेले सर्वांत समंजस उत्तर आहे असे मी म्हणेन. मिळालेल्या पूर्ण भूखंडाच्या मधोमध मनोरे उभे करण्याऐवजी त्यांनी कडेकडेने पाच मजली इमारत गुंफली आणि मधला सगळा भाग खेळाची मैदाने, बांबूची बने आणि बैठका यांसाठी मोकळा ठेवला. पायी किंवा सायकलने वरच्या मजल्यांपर्यंत चढत जाणारे उताराचे मार्ग इमारतीभोवती फिरवले. आजूबाजूची संकुले बाहेरच्याला अडवतात, येथे मात्र कोणीही आत येऊ शकतो.

भविष्यातील शहराविषयी चीनमधून आलेला सर्वांत महत्त्वाचा विचार मात्र इमारतींचा नाही, पाण्याचा आहे. यू कोंगजियान हे जेजियांग प्रांतातील जिनह्वाजवळच्या शेतकरी कुटुंबात वाढले, हार्वर्डमधून १९९५ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले आणि पेकिंग विद्यापीठात शिकवू लागले. वेगाने वाढणारी शहरे नद्यांना काँक्रीटच्या भिंती घालत होती, पाणथळ जागा भरत होती आणि पावसाचे पाणी जमेल तितक्या लवकर नळांतून बाहेर काढत होती. यू यांचे म्हणणे नेमके उलट होते : पाणी जेथे पडते तेथेच धरून ठेवा, वाहते पाणी मंद करा आणि जेथे ते शेवटी साचणारच, तेथे त्याला हक्काची जागा द्या. मोसमी पावसाच्या प्रदेशातील शेतकरी बांध, तळी आणि पायऱ्यांची शेते यांच्या साहाय्याने हेच करत आला आहे, आणि युरोपच्या रिमझिम पावसासाठी घडलेली गटारव्यवस्था आपल्या धुवाधार पावसाला पुरी पडणार नाही, हे ते सातत्याने सांगत राहिले. महाराष्ट्रात कोकणच्या खाचरांत पाणी कसे अडते ते पाहिलेल्या कोणालाही हा युक्तिवाद परका वाटू नये.

हार्बिनमधील छुनली उद्यान पाहिले की ही कल्पना कागदावरून जमिनीवर कशी येते ते कळते. नव्या वसाहतीने चारी बाजूंनी वेढल्यामुळे सुमारे ३४ हेक्टरची एक पाणथळ जागा मरणपंथाला लागली होती. यू यांच्या ‘तुरेनस्केप’ या संस्थेने मधल्या भागाला हातही लावला नाही. फक्त कडेने माती उकरून लहान-मोठ्या तळ्यांची आणि त्याच मातीच्या उंचवट्यांची एक साखळी तयार केली. आसपासच्या रस्त्यांवरचे पावसाचे पाणी आधी या तळ्यांत येते, तेथे गाळ बसतो, वनस्पती त्यातील घाण शोषतात आणि मग ते मधल्या पाणथळीत झिरपते. माणसांसाठी उंचवट्यांवरून झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर मार्ग काढले आहेत. जिनह्वा येथील यान्वेईझोऊ उद्यानात त्यांनी पुराची काँक्रीट भिंत काढून टाकली आणि तिच्या जागी पायऱ्यापायऱ्यांचा, स्थानिक गवतांचा काठ केला, जो पुरात बुडतो आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा उभा राहतो.

२१ जुलै २०१२ रोजी बीजिंगमधील पावसात ७९ माणसे दगावली आणि हा विचार राजकीय पातळीवर ऐकला जाऊ लागला. २०१५ मध्ये १६ आणि २०१६ मध्ये आणखी १४ शहरे ‘स्पंज शहर’ योजनेसाठी निवडण्यात आली. २०३० पर्यंत शहरी क्षेत्राच्या ८० टक्के भागात ७० टक्के पाऊस जागेवरच जिरवायचा वा वापरायचा, असे उद्दिष्ट ठेवले गेले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे ७० टक्के वर्षभरातील एकूण पावसाचे असतात, एखाद्या दिवसाच्या ढगफुटीचे नव्हेत. वर्षातला बराच पाऊस छोट्या छोट्या सरींनी पडत असल्याने उत्तरेतील अनेक शहरांत दिवसाला साधारण २० ते ३० मिलिमीटर पाणी जिरवण्याची व्यवस्था झाली तरी हे उद्दिष्ट गाठले जाते. २० जुलै २०२१ रोजी हेनान प्रांतातील झेंगझो शहरात एका तासात २०१.९ मिलिमीटर पाऊस झाला आणि तीन दिवसांत जवळजवळ वर्षभराचा पाऊस कोसळला. भुयारी मेट्रोत अडकून १४ प्रवासी मरण पावले आणि शहरातील मृत व बेपत्ता माणसांचा एकूण आकडा ३८० वर गेला. शहरात स्पंज योजनेवर मोठा खर्च झाला होता, म्हणून सारी कल्पनाच फसली अशी टीका झाली. ती टीका मला अर्धवट वाटते. पाणी झिरपू देणारी फरशी आणि रस्त्याकडेची खोलगट हिरवळ अशा पावसाला पुरी पडणे शक्यच नव्हते. अशा पावसासाठी नदीला तिचे पूरमैदान परत द्यावे लागते, आणि ती जमीन लिलावात केव्हाच विकली गेलेली असते. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस अनुभवला, त्या वेळी मिठी नदीच्या काठाविषयी हाच प्रश्न समोर आला होता. यू कोंगजियान यांचा सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या पांतानाल या पाणथळ प्रदेशात विमान अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या विचाराची सर्वांत अवघड बाजू, म्हणजे जमीन सोडून देण्याची, अजून पुरेशी आजमावलीच गेलेली नाही.

‘भविष्यातील शहर’ या नावाने जे आराखडे प्रसिद्ध होतात, त्यांचा अनुभव संमिश्र आहे. शांघायजवळ चोंगमिंग बेटावर आखलेले दोंगतान हे पर्यावरणस्नेही शहर गाजावाजा होऊनही कागदावरच राहिले. तिआनजिनजवळ सिंगापूरच्या भागीदारीत २००८ मध्ये सुरू झालेले शहर खाऱ्या, दूषित जमिनीवर खरोखर उभे राहिले, पण ठरलेल्यापेक्षा संथ गतीने. चंगदूमधील एका संकुलात प्रत्येक सज्जावर दाट झाडे लावली होती. राहायला फार थोडी कुटुंबे आली, झाडांची निगा राहिली नाही आणि डासांनी उच्छाद मांडला. झाडांनी मढवलेला मनोरा चित्रात मोहक दिसतो, पण त्या झाडांना पाणी कोण घालणार हे आराखड्यात लिहिलेले नसते.

सर्वांत मोठा प्रयोग बीजिंगच्या दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवर चालू आहे. १ एप्रिल २०१७ रोजी जाहीर झालेल्या शिओंगआन नव्या क्षेत्राचे नियोजित क्षेत्रफळ १,७७० चौरस किलोमीटर आहे. राजधानीला आवश्यक नसलेली कामे, विद्यापीठे, रुग्णालये आणि सरकारी कंपन्यांची मुख्यालये तेथे हलवायची आहेत. घोषणा होताच सट्टेबाजांची झुंबड उडाली तेव्हा घरांचे व्यवहारच गोठवण्यात आले, म्हणजे जमीन विकून शहर उभारण्याची वाट येथे जाणूनबुजून सोडली गेली. उंच मनोऱ्यांचे जंगल नको, ७० टक्के क्षेत्र पाणी आणि हिरवाईचे असावे आणि वीज, पाणी, दळणवळण यांच्या वाहिन्या रस्त्याखालच्या प्रशस्त भुयारांतून न्याव्यात, असे आराखड्यात आहे. नियमांच्या दृष्टीने पाहता मागील तीस वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक चुकीला येथे उत्तर दिले आहे. अडचण दोन बाबतींत जाणवते. ही जागा बाइयांगदियान सरोवराच्या सखल, पुराच्या खोऱ्यात आहे, म्हणून तिला मोठमोठ्या बांधांचे संरक्षण द्यावे लागले आहे. आणि माणसे तेथे सरकारी आदेशाने येत आहेत. आपण होऊन येणारा छोटा दुकानदार, भाडेकरू, कारागीर यांच्याशिवाय शहराला वर्दळ येत नाही, हे शेंझेनच्या गल्ल्यांनी दाखवून दिले आहे.

दरम्यान जुने चक्र थांबले आहे. २०२० मध्ये विकासकांच्या कर्जांवर मर्यादा आल्या, २०२१ मध्ये एव्हरग्रांद कंपनी कर्जफेड करू शकली नाही आणि इमारत पूर्ण होण्याआधीच ग्राहकांकडून पूर्ण पैसे घेण्याची पद्धत असल्याने असंख्य कुटुंबे अर्धवट सांगाड्यांचे हप्ते भरत राहिली. २०२२ पासून देशाची लोकसंख्याही घटू लागली. जमिनीच्या विक्रीतून येणारे उत्पन्न २०२४ मध्ये पाच लाख कोटी युआनच्याही खाली आले. साहजिकच आता भर आहे तो आहे ते शहर दुरुस्त करण्यावर. ऑगस्ट २०२१ मध्ये गृहनिर्माण मंत्रालयाने पुनर्विकासाच्या क्षेत्रात एकूण बांधकामाच्या २० टक्क्यांहून अधिक पाडू नये असा दंडक घातला. ज्या देशात पंचवीस-तीस वर्षांत इमारत पाडणे नेहमीचे झाले होते, तेथे हा मोठाच बदल आहे.

त्यामुळे पुढील दशकात चिनी वास्तुविशारदांच्या वाट्याला येणारे बरेचसे काम छायाचित्रांत दिसणार नाही. २००० सालापूर्वी बांधलेल्या निवासी वसाहतींच्या दुरुस्तीची देशव्यापी योजना २०२० पासून चालू आहे. सहा मजल्यांपर्यंत लिफ्टची सक्ती नसल्यामुळे त्या काळी हजारो इमारती लिफ्टविना उभ्या राहिल्या आणि त्यांत घरे घेतलेली माणसे आता सत्तरीत आहेत. बाहेरच्या भिंतीला लागून काचेचा किंवा पोलादी लिफ्टचा मनोरा जोडणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. वरच्या मजल्यांनी खर्चाचा अधिक वाटा उचलायचा आणि खालच्यांनी कमी, असेही सहसा ठरते. तळमजल्यावरील रहिवासी मात्र आपला उजेड अडतो, आवाज वाढतो आणि घराची किंमत घसरते म्हणून हरकत घेतात, आणि मग मोहल्ला समितीचे लोक दारोदार जाऊन, कधी महिनोन् महिने, समजूत घालत राहतात. शांघाय, ग्वांगझो आणि हांगझोच्या जुन्या भागांत अशा लिफ्ट एकेक करून उभ्या राहत आहेत.